वजन उतरतंय, पण रोज ऑफिसला घालायचं काय?

रानजाई
नमस्कार मंडळी. गणपती झाल्यापासून वजन कमी करायला घेतलंय आणि आता ते खरंच दिसायला लागलंय. आनंद आहेच, पण कपड्यांची पंचाईत झाली आहे. डबल एक्सएलचे कुडते अंगावर लोंबतात, खांदे दंडावर उतरतात, लेगिंग्ज चालता चालता खाली येतात. अजून बरंच वजन उतरायचं आहे. आज एक्सएल घेतले तर काही महिन्यांत तेही ढगळ होणार. आई म्हणते, "थांब जरा, पूर्ण बारीक हो, मग एकदमच घे." पण त्याला वर्ष लागेल. माझं काम बँकेत, काउंटरवर, रोज लोकांसमोर. मोठ्या कपड्यांत मी आहे त्याहून जाड दिसते, वर "बरं नाही का गं?" असं विचारणारेही भेटतात.

महिन्याला हजार-बाराशेच्या वर खर्च नको आहे. राहायला ठाण्यात. कपाटात मुख्यतः कुडते, लेगिंग्ज, दोन जीन्स आणि थोड्या साड्या. काय आल्टर करून घ्यावं, काय सोडून द्यावं, नवीन घ्यायचंच तर काय घ्यावं? आणि ब्लाउजांचं काय करू?

डाएटची चर्चा इथे नको, दीक्षित, दिवेकर सगळ्यांचे वेगळे धागे आहेत. इथे फक्त कपड्यांचं बोलू या.

मीठभाकर
अभिनंदन रानजाई! वाचनखूण साठवली. मीही याच वाटेवर आहे.

सीताबर्डी
आईचा सल्ला प्रेमाचा आहे, पण ऐकू नकोस. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो या वेगाने उतरावं असं डॉक्टर सांगतात. कपड्याची एक साइज म्हणजे घेरात साधारण दोन इंच. त्या हिशोबाने एक साइज दीड-दोन महिने सहज पुरते, आणि मध्येच काटा अडून बसला तर त्याहून जास्त. रोज वापरायच्या कपड्यांना दोन-तीन महिने कमी नाहीत. अंगाला नीट बसणारे तीन कुडते आणि दोन बॉटम एवढं मधल्या साइजचं घे. आठवडा निघतो. काउंटरमागे बसणाऱ्या बाईचे लोकांना खांदे, गळा आणि ओढणीच दिसते, त्यामुळे खर्च वरच्या कपड्यावर कर.

धावदोरा
मी सांगलीत शिवणकाम करते. वजन कमी झालेल्या बायका गठ्ठा घेऊन येतात आणि "सगळे लहान करा" म्हणतात. मी सगळे घेत नाही. का, ते सांगते.

कुडता हातात आला की मी आधी खांदा बघते. खांद्याची शिवण हाडावर किंवा अर्धा इंच खाली असेल तर तो कुडता वाचतो. बाजू आत घ्यायच्या, सोबत काखेत मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, आणि बाहीही थोडी आत घ्यायची. हे तिन्ही एका सलग टिपेत झालं पाहिजे. फक्त बाजू घेतल्या आणि बाही तशीच ठेवली की काखेत पिशवी होते, हात वर केला की अख्खा कुडता वर येतो. घेरात एकूण तीन-चार इंच या रीतीने कमी होतात. त्यापुढे गेलं की बाजूचा कट मागे-पुढे सरकतो, छातीवरची नक्षी काखेकडे जाते. खांदा दंडावर उतरला असेल तर बाही उसवून, खांदा कापून पुन्हा जोडावा लागतो. त्याची मजुरी नवीन कुडत्याच्या शिलाईच्या जवळ जाते. साध्या रोजच्या कुडत्यावर एवढा खर्च करू नकोस. भरतकामाचा, आवडता असेल तरच.

प्रिन्सेस कटचा कुडता सगळ्यात सोपा. उभ्या शिवणी तयारच असतात, प्रत्येक शिवणीतून थोडं थोडं घेतलं की आकार बिघडत नाही. चुण्यांचा अनारकली असेल तर कमरेशी जोड उसवून वरची चोळी लहान करायची आणि चुण्या जरा जास्त दाट घालायच्या. अस्तर असेल तर ते वेगळं आत घ्यायला सांग. वरचं कापड आणि अस्तर एकत्र दाबून टीप मारली की बाजूला कडक गुठळी बसते.

आणि शिंप्याला एक गोष्ट ठामपणे सांग, कापड कापायचं नाही. फक्त आत टीप मारायची, माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, तशीच राहू द्यायची. तुला पुढे अजून आत घ्यावं लागेल तेव्हा दुसरी टीप मारता येते, आणि कधी सैल करावंसं वाटलं तर उसवता येतं. सिल्क, सॅटिन, टिश्यू या कापडांवर मात्र उसवल्यावर सुईची भोकं दिसतात. ते कपडे वजन स्थिर होईपर्यंत मशीनवर घेऊच नकोस. एखाद्या समारंभापुरते हाताने धावदोरा घालून आत घे, घरी आल्यावर दोरा ओढून काढ.

रानजाई
धावदोराताई, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभार. आज सगळे कुडते घालून आरशासमोर खांदे बघितले. निम्म्याहून जास्त वाचतात असं दिसतंय! जीन्स आणि लेगिंग्जचं सांगाल का?

धावदोरा
लेगिंग्जच्या कमरेत इलॅस्टिक नेफ्यात मोकळं असेल तर घरीच कर. नेफ्याला आतून बोटभर फट उसव, इलॅस्टिक बाहेर ओढ, हवं तेवढं कापून टोकं एकमेकांवर ठेवून शीव. काही लेगिंग्जमध्ये इलॅस्टिक कापडावरच शिवलेलं असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. पलाझो आणि सलवारीला इलॅस्टिकबरोबर नाडी ओवून घे, दोन-तीन साइज खाली गेलीस तरी चालतील.

जीन्स मागच्या मधल्या शिवणीतून आत घेतात. दोन इंचांपर्यंत ठीक. त्यापुढे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना खेटतात आणि सीट बिघडते. पट्टा आवळून घातली तर पुढे चुण्यांचा गोळा होतो. दोन इंचांहून जास्त सैल झाली असेल तर ती सोड.

जांभळीनाका
मी ठाण्यातलीच. जीन्ससाठी उल्हासनगर गाठ. तिथे जीन्स शिवणारे कारखाने आहेत, बाजारात दुकानांची रांग आहे, भाव होतो. थोडं इलॅस्टेन असलेली जीन्स घे, कापड ताणतं आणि पुन्हा आवळतं, त्यामुळे एक साइज उतरलीस तरी बसते. शंभर टक्के कॉटनची जाड जीन्स सध्या नको.

कुडत्याचं कापड घ्यायचं तर दादरला हिंदमाता. वेळ असेल तर काळबादेवीचं मंगलदास मार्केट, तिथे मीटरवर कापड मिळतं, फक्त रविवारी जाऊ नकोस. लोकलमधल्या विक्रेत्यांकडून कुडता घेताना स्वतःचा एक नीट बसणारा कुडता पिशवीत ठेव आणि त्यावर काख ते काख ठेवून बघ. मधल्या काळात लेबलवरच्या अक्षरांपेक्षा हे माप खरं निघतं, कारण दर कंपनीचा एक्सएल वेगळा.

सीताबर्डी
कापडाबद्दल जोडते. कडक कॉटन अंगापासून लांब उभं राहतं, जरा सैल झालं की तंबूसारखं दिसतं. रेयॉन, मोडाल, क्रेप अंगाबरोबर पडतं, दोन इंच सैल असलं तरी ढगळ वाटत नाही. वजन उतरत असताना मी याच कापडांवर भर देईन. कॉटन शिवायचंच असेल तर आधी पाण्यातून काढून वाळवून मग शिंप्याकडे दे.

आकारात समोर बांधायचा अंगरखा कुडता घेऊन बघ. नाडी बाजूला सरकवली की माप बदलतं. मागे बांधायचे दोन बंद असलेले कुडतेही चालतात.

नाशिककर
पुरुषांनी विचारलं तर चालेल ना? माझी ढेरी बरीच कमी झाली. कंपनीत फॉर्मल शर्ट-पँट लागते. शर्ट पँटमध्ये खोचले की बाजूला पंखे होतात.

धावदोरा
चालेल की दादा. शर्टाच्या बाजू आणि बाह्या आत घेता येतात, पाठीवर दोन उभे टक्स, म्हणजे कापड दुमडून मारलेल्या टिपा, घातले की ते पंखे जातात. कॉलर मात्र लहान होत नाही. वरचं बटण लावल्यावर गळ्यात दोन बोटांहून जास्त जागा राहत असेल तर तो शर्ट सोडा, कारण त्यावर टाय काय, उघडी कॉलरही बरी दिसत नाही. फॉर्मल पँटच्या मागच्या शिवणीत शिंपी मुद्दाम माया सोडतो, ती सैल करायला असते तशी घट्ट करायलाही उपयोगी. मांडीतून घेर कमी करायचा तर क्रीज मध्यावर राहते का ते बघून घ्या. ब्लेझरचा खांदा मोठा झाला असेल तर त्यावर पैसे घालू नका, तो उघडून पुन्हा बसवणं फार खर्चाचं काम आहे.

नाशिककर
आभार ताई. तीन शर्ट कॉलरवर नापास झाले, चार पास. चार पुष्कळ झाले.

अबोली
सगळ्या बाहेरच्या कपड्यांबद्दल बोलताहेत, म्हणून मी लिहिते. ब्रा आधी बदल. वजन उतरताना छातीखालचा घेर लवकर कमी होतो. पट्टा सैल झाला की आधार जातो, खांदे दुखतात आणि कुडता कितीही छान आल्टर केला तरी पुढून बसत नाही. नवीन ब्रा घेताना सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट बसेल अशी घे. पुढे कमी होत जाशील तशी आतल्या हुकांवर ये. तीन हुक म्हणजे तेवढे महिने हाताशी. शेवटच्या हुकावरही पाठीत वर चढायला लागली की बदल.

आणि पट्ट्याची साइज एकाने खाली गेली की कप त्याच अक्षराचा घेऊ नकोस. ३८ बीचा कप ३६ सीएवढाच असतो. छाती तेवढी कमी झाली नसेल तर ३६ बी काचते, आणि मग बायका पुन्हा जुनी ढिली घालायला लागतात. दोनच घे, पण मापाच्या घे.

बिल्वदल
ब्लाउजांचा प्रश्न राहिलाच. साडी कधी लहान-मोठी होत नाही, परकर नाडीचा, म्हणजे अडतं फक्त ब्लाउजपाशी. मी वजन कमी करत असताना बारीक काठाच्या सगळ्या साड्यांवर काळा आणि मरून असे दोन ताणणारे तयार ब्लाउज वापरले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. साड्या सगळ्या नेसून झाल्या, शिलाई वाचली.

धावदोरा
बिल्वदलचं बरोबर आहे. शिवलेल्या ब्लाउजांपैकी साधे टक्सचे वाचतात, बाजूने आत घे आणि टक्स जरा खोल कर. बाजूला शिंप्याने मुळात दोन-तीन टिपा मारलेल्या असतात, म्हणजे आत मायाही भरपूर असते. कटोरीचा, म्हणजे छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला, ब्लाउज वाचत नाही. कटोरी तुझ्या जुन्या छातीच्या मापाने कापलेली आहे. बाजू घेतल्या की ती काखेकडे ओढली जाते आणि टोकाला पोकळ चुणी पडते. गळा खांद्यावरून उतरत असेल तर मागे दोरी लावून घे, स्वस्तात काम होतं.

पारंबी
माझी बेरियाट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे. त्यात पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन फार वेगाने उतरतं, तिथे दीड-दोन महिन्यांचा हिशोब चालत नाही. मी पहिले सहा महिने काहीही विकत घेतलं नाही. बहिणीचे, वहिनीचे, मावसबहिणीचे कपडे मागून आणले. मागताना सुरुवातीला जीभ अडखळायची. पण सगळ्यांनी इतक्या आनंदाने दिले की वहिनीने तर प्रत्येक ड्रेसला इस्त्री करून पाठवला. माझं सांगणं एवढंच की मागा. ज्यांना तुमचं वजन कमी झाल्याचा आनंद आहे त्यांना यात हातभार लावायला आवडतं.

लीड्सवासी
इथे इंग्लंडमध्ये दर गावाच्या मुख्य रस्त्यावर ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा संस्थांची वापरलेल्या कपड्यांची दुकानं असतात. घालून बघायला जागा असते. थंडीचा कोट नवीन घ्यायचा तर खिसा रिकामा होतो, मी मधल्या साइजचा कोट अशाच दुकानातून घेतला, हिवाळा संपल्यावर धुऊन तिथेच परत दान केला. विंटेड या ॲपवरही लोक वापरलेले कपडे आपापसात विकतात, तिथे काख ते काख माप विचारून घ्यायचं. आल्टर करणं इथे महाग, बऱ्याचदा कपड्याच्या किमतीएवढं. म्हणून मी धावदोरा आणि टक्स हाताने घालायला शिकले. ब्लाउज मात्र पुण्याला गेल्यावरच.

पुन्हा_कोथरूड
आपल्याकडे वापरलेले कपडे म्हटलं की अजून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आपण सगळे मोठ्या भावंडांचे फ्रॉक-चड्ड्या घालूनच मोठे झालो. आम्ही योगाच्या वर्गातल्या बायकांनी एक पद्धत पाडली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एकीच्या घरी जमतो, ज्याला जे मोठं किंवा लहान झालं ते धुऊन, इस्त्री करून आणतो आणि सतरंजीवर मांडतो. एक नियम, तुटकं बटण, डाग, उसवलेली शिवण चालणार नाही. वर्गात कोणी वजन कमी करतंय, कोणाचं बाळंतपणानंतर वाढलंय, त्यामुळे एकीचा एक्सएल दुसरीला लागतोच. मला यातून ऑफिसचे दोन उत्तम कुडते आणि एक लिननची पँट मिळाली.

मीठभाकर
आता मुद्द्याचं विचारते. मोठे झालेले कपडे ठेवायचे की द्यायचे? माझ्या घरी यावरून रोज वाद. नवरा म्हणतो ठेव, वजन परत आलं तर?

सीताबर्डी
दे. कपाटात ते दिसत राहिले की मन तिकडेच झुकतं.

अबोली
मी असहमत. वजन वाढणं हा गुन्हा नाही, आणि बऱ्याच जणांचं थोडंफार परत येतं, औषधांनी येतं, पाळी जाताना येतं. तेव्हा अंगावर घालायला काही नसणं फार वाईट वाटतं. एका साइजचा एक छोटा गठ्ठा ठेवावा, दोन कुडते, एक पँट, एक ब्लाउज. बाकीचं द्यावं. ठेवलेला गठ्ठा माळ्यावर, रोजच्या कप्प्यात नाही.

बिल्वदल
अबोलीला अनुमोदन. आणि "बारीक झाले की घालीन" म्हणून जपलेल्या जुन्या लहान कपड्यांनाही हाच नियम लावा. आठ-दहा वर्षांपूर्वीचा लहान ड्रेस आता मापात आला तरी अंगाचा आकार तोच राहिलेला नसतो. घालून बघा, बसला तर वापरा, नाही तर तोही जाऊ द्या.

पुन्हा_कोथरूड
द्यायचं तर कुठे, तेही लिहिते. चांगल्या अवस्थेतले कपडे गूंजसारख्या संस्था घेतात, त्यांची संकलन केंद्रं मोठ्या शहरांत आहेत, पाठवण्याआधी सध्या काय घेतात ते विचारा. विरलेल्या कॉटनचे कुडते, ओढण्या, साड्या गोधडीला द्या. आमच्या इथे गोधडी शिवणाऱ्या बायका कपडे आपले आणि मजुरी त्यांची या बोलीवर शिवून देतात. मऊ कॉटनची बाळासाठी दुपटीही होतात. बोहारीण अजून येत असेल तर तिला जरीच्या साड्या भांड्यांसाठी देऊन टाकू नका, आधी घरात विचारा, त्या साडीचा कोणाला तरी कुडता किंवा ओढणी हवी असते.

जांभळीनाका
एक बारीक गोष्ट राहिली. बोटं बारीक होतात! अंगठी सैल झाली की लगेच काढून ठेव, हात धुताना निघून जाते आणि कळतही नाही. सोनाराकडे लहान करायला वजन स्थिर झाल्यावरच टाक, तोवर आतून दोरा गुंडाळून चालतं. पाटल्या-बांगड्या मनगटावरून निसटत असतील तर त्यांच्यापुढे एक घट्ट काकण घाल.

रानजाई
मंडळी, या धाग्यामुळे माझं केवढं काम सोपं झालं! केलं ते सांगते. खांद्यावर पास झालेले कुडते घराजवळच्या शिंप्याकडे दिले, कापड न कापता. त्याने आधी "कापल्याशिवाय नीट बसत नाही" म्हटलं, मग धावदोराताईंनी सांगितलेलं बाही-मुंढा-बाजूचं त्याला समजावलं तेव्हा म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे तर करून देतो." सुंदर केलेत. हिंदमात्यावरून दोन रेयॉनची कापडं आणली, एक अंगरखा शिवायला टाकला. अबोलीचं ऐकून दोन ब्रा घेतल्या आणि खरंच, जुन्या कुडत्यांचंही फिटिंग पुढून बदललं. जीन्स एकच, उल्हासनगरची, ताणणारी. पहिल्या महिन्यात ठरवल्यापेक्षा थोडं जास्त गेलं, पण या महिन्यात काहीच लागणार नाही.

काउंटरवर परवा एक आजी म्हणाल्या, "छान दिसतेस गं आज." दिवसभर बरं वाटलं.

आता शेवटचा प्रश्न. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. पैठणी नेसायची आहे, तिचा ब्लाउज अजून शिवलेला नाही, साडीतला ब्लाउजपीस तसाच आहे. मापाचं काय करू? मेपर्यंत अजून उतरेन.

धावदोरा
पीस आत्ता कापायला देऊ नकोस. एकदा कापला की दुसरा मिळत नाही. लग्नाच्या महिनाभर आधी माप दे, टक्सचा किंवा प्रिन्सेस कटचा सांग, कटोरी नको. पैठणीच्या पिसाला अस्तर लागतंच, ते सुती घे आणि आधी पाण्यातून काढून दे. शिंप्याला सांग, बाजूच्या टिपा आत्ता कच्च्या ठेव, हाताच्या टाक्यावर. लग्नाच्या आठवडाभर आधी तो घालून बघ, तेव्हा जेवढं आत घ्यायचं तेवढं घेऊन मग मशीनची टीप मारायची, म्हणजे सिल्कवर जास्तीची भोकं पडत नाहीत. हुकपट्टीलाही तोवर हुक लावायचे नाहीत. आणि मे म्हणजे लग्नसराई, शिंप्याकडे रांग असते. माप नंतर दिलंस तरी चालेल, पण तारीख आजच सांगून ठेव.

रानजाई
उद्याच जाते सांगायला.